ट्रेकला फिल्टर न नेता चांगली कॉफी कशी करावी?

झाकणाचं छोटं पातेलं पुरतं. दोन कपांसाठी ३०० मिली पाणी आणि १८ ग्रॅम पूड. पूड घरीच मोजून पुड्या बांधा; डोंगरावर अंदाज हमखास चुकतो.

पूड जाडी, रव्यासारखी दळून घ्या आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नसलेलीच घ्या. दक्षिणी फिल्टरची बारीक पूड तळाशी नीट बसत नाही, शिवाय कडू होते.

टाक्यातलं पाणी असेल तर गाळून मिनिटभर खळखळ उकळा. स्टोव्ह बंद करून पाणी किंचित निवायला अर्धा मिनिट थांबा, पूड घाला, एकदा ढवळा, झाकण ठेवून ४ मिनिटं हलवू नका. (कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं थांबायची गरज नाही.) मग दोन चमचे गार पाणी वरून शिंपडा, गाळ खाली बसतो. लगेच हळूहळू ओता, शेवटचा घोट पातेल्यातच सोडा. पूड घातल्यावर पुन्हा उकळू मात्र नका, त्यानं कडवटपणा वाढतो.

दूध पावडर आधी कपात थोड्या गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. चोथा पिशवीत भरून खाली आणा. टाक्याजवळ कृपा करून टाकू नका, पुढच्यांना तेच पाणी प्यायचं असतं.