आईबाबांना घेऊन गोव्याहून विमानाने लेहला जातोय. ऑक्सिजनचा छोटा डबा सोबत पुरेल का?

नाही पुरणार, तो डबा काही मिनिटांत संपतो, खरी तयारी म्हणजे लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि त्रास वाढला तर लगेच खाली आणणारी गाडी. आपण समुद्रसपाटीवरून एका दिवसात थेट ३,५०० मीटरवर पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. मी म्हापशात फार्मसी चालवतो. लडाखला जाणाऱ्यांना मी हे बजावूनच सांगतो:

- डायमॉक्स (ॲसिटाझोलामाइड, उंचीवरचा त्रास टाळायची गोळी) साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा.
- बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चार दिवसांच्या जास्तीच्या.
- पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही.

ऑक्सिमीटर न्या, पण गारठलेल्या बोटावर आकडा चुकतो. बोट चोळून ऊब आणा, मग लावा. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप लागतेय? टाच-चवड्याला टेकवत सरळ रेषेत चालताना तोल जातोय? बोलणं असंबद्ध होतंय? मग सकाळची वाट बघू नका. लेहमध्ये असाल तर सोनम नोर्बू रुग्णालय गाठा, पँगाँग तलावासारख्या, लेहपेक्षा उंच ठिकाणी असाल तर रात्रीच खाली उतरा.

एक मात्र खरं, गोळी घेतली म्हणजे त्रास होणारच नाही असं नाही. बाबांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर तिकीट काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.