आरोप झालेल्या कार्यकर्त्याला एका रात्रीत ग्रुपमधून काढणं बरोबर आहे का?

इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. सोलापुरातल्या तुमच्या मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही वापरता, बदलता येतो असं) गटात एका मुलीने छळाचा आरोप करत एका जुन्या कार्यकर्त्याने पाठवलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले. रात्रभर चर्चा पेटली आणि सकाळी ॲडमिनने त्याला काढून टाकलं. आता निम्मे लोक म्हणतात बरं झालं, निम्मे म्हणतात त्याची बाजू कुणी ऐकली? तुम्ही विचारताय, चुकलं कोण?

मी वकील नाही. काही कारखान्यांच्या आणि कॉलेजांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. सॉफ्टवेअरमधलं मला माझ्या मुलाकडून कळतं, तो असल्याच एका गटात मराठी भाषांतराचं काम करतो.

त्याला तातडीने बाजूला केलं यात मला काही गैर दिसत नाही. पण बाजूला करणं हाच निकाल, असं समजून सगळे झोपायला गेले, तिथे घोळ झाला.

१९७७ साली सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न देता जप्त केला होता. माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय असं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच निकालातली पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: खरंच घाई असेल तर कारवाई आधी आणि सुनावणी लगेच नंतर, असंही चालतं. हा निकाल सरकारसाठी आहे, तुमच्या टेलिग्राम ग्रुपवर तो बंधनकारक नाही. पण शहाणपण फुकट मिळतंय तर घ्यावं की. सर्व्हरचा पासवर्ड आणि ॲडमिनचे हक्क त्याच्याकडून त्या रात्रीच काढून घ्यायला हवेत, कारण जुने मेसेज पुसायची चावी त्याच्याकडेच असते. सोबत दोन ओळींचं पत्रही जायला हवं: आरोप हे आहेत, ही व्यवस्था तात्पुरती आहे, अमुक तारखेपर्यंत तुमचं म्हणणं लेखी द्या. ते पत्र गेलंय का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

आता "त्याची बाजू कुणी ऐकली?" म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. त्या मुलीची बाजू, ती चव्हाट्यावर यायच्या आधी, कुणी ऐकली होती? समितीसमोर येणाऱ्या बहुतेक बायकांनी त्याआधी दोघा-तिघांना सांगून पाहिलेलं असतं. सामाजिक संघटनांमध्ये त्यावर ठरलेलं उत्तर असतं: "माणूस कामाचा आहे. चळवळीची बदनामी नको. मी बोलतो त्याच्याशी." हे "मी बोलतो" म्हणणारे दादा प्रत्येक संघटनेत सापडतात. ते खरंच बोलतातही. त्यानंतर काय झालं, ते तिला मात्र कुणी सांगत नाही. तुमच्या गटात असं कोण होतं, ते आधी शोधा.

२०१७ मध्ये लैंगिक छळाचे आरोप असलेल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या नावांची यादी समाजमाध्यमांवर फिरली, तेव्हा काही ज्येष्ठ स्त्रीवादी बायकांनीच योग्य प्रक्रियेचा आग्रह धरला. त्यावर तरुण मुली चिडल्या: कुठली प्रक्रिया, जी आम्हाला कधी मिळालीच नाही ती? मला तेव्हा दोन्हीकडचं पटत होतं, आजही पटतं. २०२१ मध्ये पत्रकार प्रिया रमाणींना अब्रुनुकसानीच्या खटल्यातून निर्दोष सोडताना दिल्लीच्या न्यायालयाने तर म्हटलं की बाईला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीसुद्धा मांडायचा हक्क आहे. म्हणजे मुलीने ग्रुपवर का टाकलं, हा प्रश्न बाजूलाच ठेवा. तिने टाकल्यावर गटाने काय केलं, एवढाच प्रश्न उरतो.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एका ईमेल चर्चेत त्यांनी लिहिलेल्या मजकुरावरून गदारोळ झाला. त्यांच्या वागण्याबद्दलच्या जुन्या तक्रारीही लोकांनी वर काढल्या आणि त्यांनी एमआयटी सोडली, फाउंडेशनचं अध्यक्षपदही सोडलं. मार्च २०२१ मध्ये, आपण संचालक मंडळावर परत आलोय, असं त्यांनीच एका परिषदेत जाहीर केलं. मग एक खुलं पत्र निघालं, यांना काढा. दुसरं निघालं, यांना ठेवा. दोन्हींवर हजारो सह्या. जाताना किंवा येताना, कुठलाही चौकशी अहवाल लोकांसमोर आला नाही. त्यामुळे ज्यांना राग होता त्यांचा राग तसाच राहिला, आणि ज्यांना ते निर्दोष वाटत होते त्यांनाही निर्दोष म्हणून दाखवायला कागद मिळाला नाही. सह्या मोजून फक्त कुणाकडे माणसं जास्त ते कळतं. ओळख लपवून इंटरनेट वापरायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टॉर प्रकल्पात २०१६ मध्ये एका नामांकित माणसावर आरोप झाले. त्याने ते नाकारले. पण संस्थेने बाहेरच्या व्यक्तीकडून चौकशी करून घेतली आणि त्याच सुमारास अख्खं संचालक मंडळ बदललं. हे मंडळ बदलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इतकी वर्षं कानाडोळा कुणी केला, हा प्रश्न निदान विचारला तरी गेला.

सोलापूरचं मात्र वेगळं आहे. बंगळुरूत एका गटाशी बिनसलं तर माणूस दुसऱ्या गटात जातो. इथे गट एकच. तक्रार करणारी, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि चौकशी करणारे, तिघेही संध्याकाळी नवी पेठेत समोरासमोर येणार. "गटातल्या एका मुलीने" एवढंच लिहिलं तरी सात रस्ता चौकापर्यंत सगळ्यांना नाव कळतं, कारण गटात मुलीच तेवढ्या असतात. म्हणून गोपनीयता इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त पाळावी लागते. चौकशीला तिघे नेमा, त्यात निदान एक बाई आणि एक जण पूर्ण बाहेरचा हवा. त्याचा मित्र नको, तिची मैत्रीण नको, आणि ज्याने रात्री ग्रुपवर "हाकला याला" लिहिलं तोही नको. पूर्व भागातली मुलगी असेल आणि तेलुगूत मोकळी बोलत असेल तर जबाब तेलुगूत होऊ द्या. मराठीत लिहून घेतला तर तिला तो वाचून, समजावून सांगा आणि मगच सही घ्या. मी असे जबाब पाहिलेत जिथे लिहिणाऱ्याने "त्रास दिला" एवढ्यावर भागवलं होतं आणि बाईने सांगितलेलं सगळं गळून गेलं होतं.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी "ही तर जात पंचायत झाली" असं लिहिलंय. हा शब्द इतका स्वस्त करू नये. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो माणसाचं लग्न, अंत्यविधी, रोजगार बंद पाडला जातो म्हणून. टेलिग्राम ग्रुपमधून निघालेल्या माणसाचं असलं काही बंद होत नाही. तरी एका बाबतीत सावध राहा. वाळीत टाकण्याची खूण ही, की त्या माणसाशी जो बोलेल त्यालाही दंड. तुमच्या ग्रुपवर "जो त्याच्यासोबत चहा पिईल तोही तसलाच" अशा मजकुराचे मेसेज असतील तर ते थांबवा. त्यातून मुलीचं कणभरही भलं होत नाही, उलट साक्षीदार गप्प बसतात.

गट नोंदणीकृत संस्था असेल तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदाही बघा. त्यात मानधन न घेता काम करणारे स्वयंसेवकसुद्धा कर्मचारी धरलेत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार करायची मुदत तीन महिने, कारण असेल तर वाढवून मिळते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. हे वाक्य गटात मोठ्याने वाचून दाखवा. निव्वळ ग्रुप असेल, कागदावर काहीच नसेल, तर हा कायदा ओढूनताणून लावू नका, पण त्याच्यातली पद्धत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्थात प्रकरण गुन्ह्याच्या पातळीचं असेल आणि तिची तयारी असेल, तर पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जा. तिथे तुमची तिघांची समिती पुरी पडणार नाही.

शिक्षेचंही तसंच. हाकलणं किंवा काहीच न करणं, एवढे दोनच पर्याय लोकांना दिसतात. कितीतरी प्रकल्पांनी घेतलेल्या काँट्रिब्यूटर कॉव्हेनंट या आचारसंहितेच्या २०२० च्या आवृत्तीत चार पायऱ्या आहेत: चूक दाखवणं, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. रात्री दोन वाजता पाठवलेला एक आगाऊ मेसेज आणि नाही म्हटल्यावरही महिनोन्महिने मागे लागणं या दोन्हींना एकच शिक्षा ठेवली, तर पहिल्या प्रकारात पुढची मुलगी तक्रारच करणार नाही. "एवढ्यासाठी त्याचं आयुष्य कशाला" असं तिलाच वाटेल.

ती मुलगी आता चौकशीला यायला तयार नसेल तर जबरदस्ती करू नका. स्क्रीनशॉट आहेत, मूळ मेसेज फोनमध्ये आहेत, त्याला ते दाखवून विचारता येतं. तिचं नाव घेऊन ग्रुपवर चर्चा मात्र आजच्या आज बंद करा. आणि रागाच्या भरात त्याचं नाव जुन्या कामावरून पुसायला जाऊ नका. त्याने लिहिलेल्या कोडवरची प्रताधिकाराची नोंद काढायला जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मुभा देत नाही, आणि तो कोड वापरायचा त्याचा हक्कही गटाच्या हातात नाही. गटाच्या हातात आहे ती खोली, माईक, सर्व्हर आणि ग्रुप. चौकशी संपेपर्यंत एवढंच त्याच्यापासून लांब ठेवा.