सिएटलमधलं शंभरी उलटलेलं क्राफ्ट्समन घर: आतल्या गडद लाकडाला पांढरा रंग मारावा का?

नका मारू. निदान बाहेरच्या खोलीत आणि डायनिंगमध्ये तरी एवढ्यात नका मारू, बाकी सविस्तर सांगते.

तुम्ही लिहिलंय की सिएटलच्या वॉलिंगफर्ड भागातलं १९१५ चं घर बघताय, आत सगळं काळपट लाकूड आहे, एजंट म्हणतोय घेतल्या घेतल्या सगळं पांढरं करून टाका म्हणजे उजेड येईल, आणि मुळात एवढं जुनं घर घ्यावं की नाही तेच कळत नाहीये. आमचं १९१२ चं आहे, सिएटलच्याच रॅव्हेना भागात, सात वर्षं झाली घेऊन आणि काम अजून संपलेलं नाहीये, बहुतेक संपणारही नाही. आमची केस तुमच्या उलटी होती. आधीच्या कुणीतरी असल्याच एजंटचं ऐकलेलं होतं, त्यामुळे डायनिंगमधलं छातीएवढ्या उंचीचं पॅनेलिंग, भिंतीत बसवलेला काचेच्या दारांचा बफे (म्हणजे भांड्यांचं कपाट), छताच्या तुळया, सगळ्यावर पांढरा ऑइल पेंट आणि तोही तीन थर. आणि तरी खोली अंधारीच होती!

ही क्राफ्ट्समन घरं, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन शैलीची, अंधारी का असतात ते एकदा समजून घ्या. छप्पर बसकं, वळचण दोन-अडीच फूट बाहेर आलेली, खाली वासे उघडे (रस्त्यावरून मोजता येतात, मोजायला घर फिरावं लागत नाही), आणि पुढे जाडजूड खांबांचा खोल पोर्च. पाऊस भिंतीपासून लांब ठेवायला हे उत्तम आहे पण उजेडही तिथेच अडतो. त्यात सिएटलचा हिवाळा, डिसेंबरात सूर्य ४.२० ला मावळतो आणि त्याआधी दिवसभर जे असतं त्याला ऊन म्हणायचं धाडस मी करणार नाही. पांढरी भिंत उजेड तयार करत नाही हो, आलेला परत फेकते, आणि आलेलाच राखाडी असेल तर भिंत ओल्या वर्तमानपत्रासारखी दिसते. आमची पहिली दोन वर्षं तशीच गेली. दवाखान्यात राहिल्यासारखं वाटायचं.

आता लाकडाचं. आपल्या सिएटलकडच्या या घरांमध्ये बहुतेक डग्लस फर या झाडाचं लाकूड असतं (तिकडे अमेरिकेच्या पूर्वेला ओक जास्त), आणि त्या काळात त्यावर बऱ्याचदा शेलॅक मारलेलं असायचं. शेलॅक म्हणजे लाख, तीच, आपली लाखेच्या बांगड्यांची, आणि ती जायची मुख्यतः भारतातूनच. मला हे कळलं तेव्हा उगाचच त्या तुळयांबद्दल माहेरचं प्रेम वाटायला लागलं. तर ही लाख वर्षानुवर्षं काजळी, धूर, हाताचा तेलकटपणा धरते आणि काळी पडत जाते. म्हणजे तुम्हाला जे गडद लाकूड दिसतंय ते कदाचित लाकूड नाहीच, वरची मळलेली लाख आहे. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे टेस्ट सोपी आहे. हार्डवेअरच्या दुकानात डीनेचर्ड अल्कोहोल (पिण्याचं नाही, रंगकामाचं स्पिरिट) मिळतं, कापसाच्या बोळ्यावर घेऊन बफेच्या दाराच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, घासून बघा. चिकट होऊन बोळा तपकिरी झाला तर शेलॅक. मग अल्कोहोल आणि अगदी बारीक स्टीलवूलने हळूहळू साफ करता येतं, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास शेगडी-मेणबत्ती काही नको, आणि आतून जो मधासारखा रंग निघतो तो बघून एजंटला फोन करावासा वाटेल. एका वीकेंडला एक दारच होतं हे मात्र खरं.

आणि ज्या खोल्यांत आधीच पेंट आहे तिथे सगळं खरवडायच्या मागे लागू नका, ही चूक आम्ही केली. डायनिंगमधला पेंट सुंदर सुटला, कारण खाली शेलॅकचा थर होता, पेंट लाकडात शिरलाच नव्हता. त्या आनंदात मी वरच्या बेडरूमच्या दाराला हात घातला आणि तीन आठवडे घासूनही रेषारेषांत पांढरं अडकलेलंच. नंतर कळलं की या घरांत बेडरूम, किचन, बाथरूमचं लाकूड पहिल्या दिवसापासूनच रंगवलेलं असायचं, किचन-बाथरूम तर मुद्दाम पांढरं, स्वच्छता दिसावी म्हणून. म्हणजे कोऱ्या लाकडावर थेट रंग, तो कसा निघणार? तेव्हा आधी एक वीतभर जागा खरवडून बघा. पेंट पापुद्र्यासारखा सुटला तर ते लाकूड दाखवायचं होतं, नाही सुटला तर तिथे खुशाल पांढरा मारा, माझा काही विरोध नाही.

पण थांबा, खरवडण्याआधी शिसं! अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ साली, त्यामुळे या वयाच्या घरात शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरडं सँडिंग करायचं नाही, ज्योतीने जाळायचं नाही, आणि कामाला माणूस ठेवलात तर तो लेड-सेफ कामाचं सर्टिफिकेट असलेला हवा, तो नियमच आहे. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा, आम्ही मुलीला ते सहा आठवडे मैत्रिणीकडे झोपायला पाठवत होतो आणि डॉक्टरांकडून तिची रक्ततपासणी पण करून घेतली.

रंगांबद्दल आता, कारण हा माझा आवडता भाग आहे. मी दुकानातून आणलेले पंचवीस नमुने भिंतीला चिकटवून बसले होते, सगळे क्रीम, ऑफव्हाइट, बदामी, कारण तेच "सेफ" असं डोक्यात बसलेलं. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्या म्हणाल्या, अगं हे लाकूड नारिंगीकडे झुकणारं आहे, त्याच्या शेजारी बदामी ठेवलास तर दोन्ही मळकी दिसणार, इरकलीच्या काठाला असला फिका अंगरंग कुणी देतं का. आणि बॅगेतून त्यांच्या दोन साड्या काढून बफेच्या शेजारी धरल्या, एक शेवाळी हिरवी आणि एक मोरपंखी. विषय संपला. डायनिंग शेवाळी, जिन्याची भिंत मोरपंखी, बाहेरच्या खोलीत गेरूच्या जवळचा विटकरी, आणि वरची छोटी खोली अंजिरी, ती मुलीने निवडली. पेंटच्या दुकानातल्या पोराला साडीचा काठ स्कॅन करायला दिला तर तो अर्धा मिनिट माझ्याकडे बघतच राहिला, पण रंग अगदी तोच बनवून दिला.

नंतर वाचलं तर गंमत म्हणजे त्या काळात पण असेच मातकट, पानांचे, मोहरीचे रंग चालायचे. क्राफ्ट्समन हे नावच मुळात गुस्ताव स्टिकली नावाच्या फर्निचरवाल्याच्या 'द क्राफ्ट्समन' मासिकावरून पडलं, १९०१ ते १९१६ चाललं ते, त्यात घरांचे प्लॅन यायचे. सिएटलमध्येच जड योहो नावाचा एकजण 'बंगलो मॅगझिन' काढायचा, १९१२ पासून. आणि हा बंगलो शब्द म्हणजे आपलाच बंगला, बंगालवरून इंग्रजांनी उचलला आणि इथे येईपर्यंत दीड मजल्याचं छोटं घर झाला. मी फोनवर आत्याला म्हटलं आम्ही बंगलो घेतलाय, तर तिने अख्ख्या कोथरूडला सांगितलं की पोरीने अमेरिकेत बंगला बांधला. मग ती आली. आल्यावर म्हणाली, बाथरूम एकच?

तर लक्षात ठेवायचं ते एवढंच की गडद लाकूड असेल तर भिंतीला पण दमदार रंग द्या, छत मात्र फिकं ठेवा, आणि दिवे पिवळट उजेडाचे आणि भरपूर, छताला एकच मोठा असं नको, कोपऱ्याकोपऱ्यात छोटे.

पण हे सगळं शेवटी. आमचे निम्म्याहून जास्त पैसे जे दिसत नाही त्यात गेले, आणि घ्यावं की नाही हे तुम्ही त्यावरच ठरवा. एक म्हणजे वायरिंग. माळ्यावर किंवा बेसमेंटमध्ये तुळयांवर चिनीमातीच्या छोट्या खुंट्या आणि त्यावरून ताणलेल्या तारा दिसल्या तर ते नॉब अँड ट्यूब, त्याला अर्थिंग नसतं आणि बऱ्याच इन्शुरन्सवाल्या कंपन्या ते बघूनच नाही म्हणतात. दुसरं, सांडपाण्याची लाइन. घरापासून रस्त्याखालच्या मेन लाइनपर्यंतचा पाइप इथे मालकाच्या गळ्यात असतो, जुना असेल तर मातीचा, सांध्यांतून झाडांची मुळं शिरलेली. घेण्याआधी कॅमेरा घालून बघाच, तेवढ्या खर्चाकडे बघू नका. तिसरं भूकंप. ही घरं बऱ्याचदा पायावर नुसती ठेवलेली असतात, बोल्टने बांधलेली नसतात! २८ फेब्रुवारी २००१ ला इथे ६.८ चा धक्का बसला तेव्हा विटांच्या चिमण्या कितीतरी ठिकाणी पडल्या. आम्ही पहिल्याच वर्षी बेसमेंटमध्ये बोल्ट आणि प्लायवूड मारून घेतलं, दिसत काहीच नाही पण झोप लागते.

खिडक्यांचं एक सांगायचं राहिलं. कुणीही तुम्हाला व्हिनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, खिडक्या विकायला येईल, चहा पाजून परत पाठवा. या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या चौकटीत आत पोकळी असते, तिथे दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात, कप्पीवरच्या पोहऱ्यासारखी. दोरी तुटली म्हणून खिडकी बंद पडते, बाकी काही झालेलं नसतं. नवऱ्याने व्हिडिओ बघून अकरा खिडक्यांच्या दोऱ्या बदलल्या, त्याच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ होता, पाहुणा आला की आधी खिडकी उघडून दाखवतो. थंडीसाठी बाहेरून स्टॉर्म विंडो (काचेची जादा खिडकी) लावल्या.

फ्लोअरच्या बाबतीत मात्र आम्ही हात पोळून घेतले. फरचं लाकूड मऊ असतं आणि आधी दोन-तीनदा घासलेलं, एक फ्लोअरवाला म्हणाला एका दिवसात नवं करून देतो आणि त्याने इतकं खोल घासलं की एका खोलीत खिळ्यांची डोकी वर आली. ती खोली आता गालिच्याखाली आहे. किचनच्या दारात माझा खलबत्ता पडला त्याचा खळगा आहे, तो ठेवलाय.

बाग! भिंतीच्या लगत भाजी लावू नका, शंभर वर्षं त्या भिंतीवरून शिशाच्या रंगाचे टवके खालच्या मातीतच पडलेत. मातीची टेस्ट करा आणि खायचं सगळं लांब, वाफे उंच करून, बाहेरून आणलेल्या मातीत. मागे आमच्याकडे हिमालयन ब्लॅकबेरीचं जंगल होतं, ज्याचा हिमालयाशी काही संबंध नाही, मूळची आर्मेनियाकडची, ल्यूथर बरबँक नावाच्या रोपतज्ज्ञाने १८८५ च्या सुमारास अमेरिकेत आणून त्या नावाने विकली आणि आता अख्खा प्रदेश काटे काढतोय. नुसती कापून जात नाही, गड्डा खणून काढावा लागतो, दोन उन्हाळे गेले आमचे. तिथे आता रास्पबेरी आहे, कुंडीत अळू, आणि कढीपत्ता जो ऑक्टोबरात घरात येतो आणि सगळ्यांपेक्षा चांगली खिडकी घेतो. माती आंबट असल्यामुळे हायड्रेंजिया आपोआप निळा येतो, पोर्चच्या विटकरी खांबांपुढे काय दिसतो म्हणून सांगू. फक्त एक, इथे पाऊस पाऊस म्हणतात पण जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात, नवीन झाडांना पाणी घालावंच लागतं.

फूटपाथ आणि रस्त्याच्या मधली पट्टी आहे ना, तिथे मी डेलिया लावलेत, ते या शहराचं अधिकृत फूल आहे, १९१३ पासून, म्हणजे आमच्या घरापेक्षा एक वर्षाने लहान. काळपट डाळिंबी, केशरी, एक वेडा जांभळा. नोव्हेंबरात कंद काढते तेव्हा दरवर्षी दुपटीने निघतात आणि बेसमेंटमध्ये ठेवायला खोकी उरलेली नाहीत, तर घर घेतलंत की एक पिशवी घेऊन या.