रापणकरांचं नाव सूचीत यायला हवं

प्रश्न : मॅडम, स. न. वि. वि. मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर लघुप्रबंध लिहिते आहे. मार्गदर्शक संदर्भ देण्यासाठी एमएलए पद्धत वापरायला सांगतात. विभागातल्या जुन्या प्रबंधांत मात्र तळटिपा, ‘तत्रैव’ (लगेच वरचाच ग्रंथ) आणि ‘उनि’ (आधी नोंदवलेला ग्रंथ) दिसतात. गॅझेटिअरमधली, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातली काही माहिती मला शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या एका प्रबंधात मिळाली, ती कशी दाखवू? आणि आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या रापणकरांनी सांगितलेल्या गोष्टींना छापील आधार नाही. त्यांचा संदर्भ चालेल का?
– एक विद्यार्थिनी, मालवण तालुका

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमच्या प्रबंधाचा जीव त्यात आहे. चालेल. किंबहुना तोच तुमचा मुख्य आधार आहे. होडी जाळं सोडत अर्धगोल फेरी मारून किनाऱ्याला कशी लागते, दोन्हीकडच्या दोऱ्यांवर माणसं कशी उभी राहतात, मासळीचे वाटे कसे पडतात, हे ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांच्याहून चांगला साक्षीदार तुम्हाला ग्रंथालयात मिळायचा नाही.

पण मग त्यांचा संदर्भ पुस्तकाइतकाच काटेकोर द्या. सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, वय, वाडी, गाव, तालुका, मुलाखतीची तारीख आणि मुलाखत कोणी घेतली, एवढं प्रत्येकाचं हवं. ‘एका वृद्ध मच्छीमाराने सांगितले’ असं प्रबंधात वाचलं की मला फार वाईट वाटतं. पुस्तक लिहिणाऱ्याला नाव, आणि जन्मभर दोरी ओढणारा नुसता ‘एक वृद्ध’? नाव छापायची परवानगी मात्र आधी विचारा. कोणी नको म्हणालं तर नाव बदलल्याचं स्पष्ट लिहा. बोलणं त्यांच्याच मालवणीत ठेवा. ‘वारो फिरलो काय दोरी जड जाता’ असं कोणी म्हणालं असेल, तर ते तसंच अवतरणात जाऊ दे. प्रमाण मराठीतला अर्थ टिपेत द्या.

म्हणूनच तुमच्या मार्गदर्शकांचा सल्ला मला पटतो. एमएलएमध्ये स्वतः घेतलेल्या मुलाखतीची नोंद संदर्भसूचीत होते. एपीए या दुसऱ्या पद्धतीत अशी मुलाखत सूचीत येत नाही, तिचा उल्लेख मजकुरातच राहतो. रापणकरांची नावं गॅझेटिअरच्या संपादकाशेजारी अकारविल्हे लागलेली मला बघायची आहेत.

तळटिपांची जुनी पद्धत चुकीची नाही, पण ‘तत्रैव’ फार जपून वापरावं लागतं. शेवटच्या हातात एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला, की तिथलं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. कुठलीही एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

आता गॅझेटिअर. मूळ ग्रंथ न उघडता त्याचा संदर्भ देऊ नका. शोधगंगेवरच्या प्रबंधातून माहिती घेतली असेल, तर ‘अमुक प्रबंधात उद्धृत’ असं प्रामाणिकपणे म्हणा आणि सूचीत तो प्रबंध घाला. त्याहून बरं म्हणजे मूळ पान स्वतः वाचणं, कारण या ग्रंथात एक मोठी अडचण आहे. ‘रत्नागिरी गॅझेटिअर’ एवढंच लिहिलं तर वाचकाने कुठलं समजायचं? जेम्स कॅम्पबेल यांनी संपादलेला दहावा खंड १८८०चा, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं. त्यानंतरची सुधारित आवृत्ती १९६२ची. दोन्हींतल्या रत्नागिरी जिल्ह्यात तुमचं मालवण येतं, देवगड येतं, वेंगुर्लंही येतं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यातला एखादा आकडा तुम्ही वर्ष न देता उचललात, तर आजचा वाचक तो मंडणगड ते राजापूर एवढ्याच पट्ट्याचा समजेल आणि तुमची सगळी तुलना कोसळेल. तेव्हा मजकुरातच वर्ष सांगा, आणि सूचीत असं लिहा : कॅम्पबेल, जेम्स एम., संपा. गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी. खंड १०, गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, १८८०. पृष्ठक्रमांक मजकुरातल्या कंसात. स्कॅन केलेल्या प्रतीत पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि छापील पानावरचा क्रमांक वेगळे असतात, छापील घ्या.

जुन्या मराठी पुस्तकावर नुसता शालिवाहन शक असेल तर तो तसाच ठेवून पुढे इसवी सन द्या : शके १८२५ (इ. स. १९०३-०४). शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९.

तुम्ही विचारलं नाहीत तरी साम्य-तपासणीबद्दल, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो त्याच्या तपासणीबद्दल सांगते, कारण मुलं तिला उगाच घाबरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. संदर्भसूची आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणं त्यात मोजली जात नाहीत. तुमच्या विद्यापीठाचा स्वतंत्र नियम असेल तर विभागात विचारून घ्या. टक्का खाली आणण्यासाठी गॅझेटिअरमधली वाक्यं शब्द फिरवून लिहायचा उद्योग मात्र करू नका. शब्द बदलले तरी माहिती त्यांचीच, संदर्भ द्यावाच लागतो.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिखल दिसतो. आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आजच नाव, गाव, तारीख घालून साठवा, एक प्रत विभागाच्या ग्रंथालयाला द्या, आणि ती तिथे असल्याचं सूचीखाली नोंदवा.