संगीतकार म्हणून सुरू केलेली गाणी अर्धवटच राहतात. लक्ष टिकवून ती पूर्ण कशी करायची?

तीस-पस्तीस गाणी सुरू केलीत आणि पूर्ण एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझा आकडा याहून वाईट होता. दिवसा नोकरी, रात्री मुलुंडच्या वन-रूम-किचनमध्ये पेटी आणि लॅपटॉप, असं माझं बारा वर्षं चाललंय. मध्ये एकदा मोजले तर फोनमध्ये ६४ नुसते मुखडे निघाले.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा वगैरे तुम्हाला कोणीही सांगेल. पण तुमचं दुखणं लक्षाचं आहे असं मला वाटत नाही. मुखडा सुचला की आपण लगेच लॅपटॉप उघडतो. आठ बारचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजत राहणारा छोटा तुकडा, त्यावर ढोलकी, मग बास, मग स्ट्रिंग्ज. रात्रीचा एक वाजतो, लूप झकास वाजतोय, अंतऱ्याचा पत्ता नाही. दुसऱ्या रात्री तोच लूप लावून ढोलकीचा आवाज बदलत बसायचं. काम केल्याचं समाधान मिळतं, चाल मात्र तसूभर पुढे सरकत नाही.

म्हणून पेटीवर चाल दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत पूर्ण झाल्याशिवाय मी लॅपटॉपला हात लावत नाही. शब्द आले नसतील तर डमी शब्द टाकतो, भाजीची यादीसुद्धा चालते. मीटरमध्ये बसली की झालं.

बहुतेक गाणी क्रॉस लाइनला अडतात, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्यावर परत आणणाऱ्या ओळीला. माझं यमन रागातलं एक गाणं होतं, दादरा तालात. मुखडा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून उठायचा, नी रे ग. अंतरा मी हौसेने तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, षड्जावर नेऊन ठेवला आणि तिथून मुखड्यात आलं की जिन्यावरून पाय घसरल्यासारखं वाटायचं. चार महिने गाणं पडून. तेवढ्यात अरेंजिंग मात्र तीनदा बदललं! शेवटी एका रविवारी पेटी घेऊन बसलो. शेवटची ओळ पंचमावर थांबवली, कवीला फोन करून दोन शब्द कमी करून घेतले. मग पंचम, तीव्र मध्यम, गंधार, रिषभ असं उतरत मुखडा आपसूक हाती आला. सगळं मिळून वीस मिनिटं.

दुसरी गोष्ट तारखेची. स्पर्धेच्या एकांकिकांना मी तीन रात्रींत संगीत पूर्ण करून दिलंय आणि स्वतःचं एक गाणं दोन वर्षं रखडवलंय. एकांकिकेत नट आणि लाइटवाला माझ्या क्यूची वाट बघत असतात, माझ्या गाण्याची वाट कोण बघतंय? म्हणून चाल झाली की लगेच गायिकेची तारीख घेतो आणि स्टुडिओला दोन तासांचे पैसे आगाऊ देतो. खिशातून पैसे गेले की डोकं बरोबर चालतं.

महालक्ष्मीचं फेमस किंवा ताडदेवचं फिल्म सेंटर या रेकॉर्डिंग स्टुडिओंत पूर्वी गायक आणि वादक एकत्र रेकॉर्डिंग करायचे. एकजण चुकला की टेक पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कोणी कुठे काय वाजवायचं हे नोटेशनच्या कागदावर आधीच ठरलेलं असायचं. आपल्याला अनडू आहे, म्हणून काहीच ठरवावं लागत नाही. त्यावर माझा उपाय असा की एखादा भाग बरा वाजला की तो ऑडिओत बाउन्स करतो, म्हणजे त्याची पक्की ऑडिओ फाइल करतो, आणि ज्यात सूर नंतरही बदलता येतात तो मिडी ट्रॅक काढून टाकतो. एक-दोनदा पस्तावलोही आहे, पण गाणी बाहेर पडली.

आणि मुंबईत असाल तर कॅलेंडर बघून कामाला लागा. गणपतीचं गाणं करायचं तर चाल मे-जूनमध्येच व्हायला हवी. उत्सवाच्या दहा दिवसांत घरी आवाज रेकॉर्ड करायचं नावही काढू नका, खिडकीला कितीही गोधड्या लावल्या तरी.

तुमच्या त्या पस्तीसचं म्हणाल तर लॅपटॉप बंद ठेवून ज्या चाली गुणगुणता येतात तेवढ्याच ठेवा. माझ्या ६४ पैकी सहा उरल्या. चार पूर्ण झाल्या. पाचवीसाठी, स्वतःचाच नियम मोडून, गायिकेची तारीख आधीच घेऊन बसलोय. येत्या गुरुवारची. दुसरा अंतरा अजून व्हायचाय, तेव्हा इथेच थांबतो.