टर्बो पेट्रोल गाडीचा स्टेज १ रिमॅप केला तर इंजिन टिकेल का?

भाऊ, तू विचारलं की पोलो १.० टीएसआय मॅन्युअल आहे, ६० हजार किमी झालेत, ट्यूनर स्टेज १ रिमॅप करून (म्हणजे पार्ट न बदलता, इंजिनच्या कॉम्प्युटरची म्हणजे ईसीयूची फाईल बदलून) पॉवर ११० पीएसची १३५ आणि टॉर्क १७५ एनएमचा २३० करून देतो म्हणतोय, नागपुरात रोज चालवायची तर इंजिन किती टिकेल. किती ते कोणीच छातीठोक सांगणार नाही, पण मी स्वतः एक टर्बो पेट्रोल फोडून बसलोय (कंपनी वेगळी, आणि चूक गाडीची नव्हतीच, माझी आणि फाईलची होती) म्हणून लिहितो.

आधी तुझेच आकडे नीट बघ. पॉवर वाढतेय २३ टक्के आणि टॉर्क वाढतोय ३१ टक्के. सगळे १३५ बघून खुश होतात पण इंजिनाला मारतो तो २३० वाला आकडा, कारण टॉर्क म्हणजे सरळ सरळ पिस्टनच्या डोक्यावरचा दाब. वरून ट्यूनर लोक तो सगळा टॉर्क १८०० आरपीएमलाच आणून ठेवतात, कारण टेस्ट ड्राइव्हला पाठीत लाथ बसली की गिऱ्हाईक तिथंच पैसे काढतं. आता एवढ्या कमी आरपीएमला पिस्टन हळू वरखाली होत असतो, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबाखाली जास्त वेळ राहतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलेंडरमधे फवारणाऱ्या) छोट्या टर्बो इंजिनात स्पार्क पडायच्या आधीच ते आपोआप पेटायचा धोका नेमका इथंच असतो. याला एलएसपीआय (लो स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. साधं नॉकिंग (स्पार्कनंतर उरलेलं मिश्रण एकदम भडकणं) झालं तर ईसीयूला सेन्सरवरून कळतं आणि तो स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, वाचतं इंजिन. हे प्रकरण स्पार्कच्याही आधी होतं, मग टायमिंग मागे घेऊन काय उपयोग? एखाद्याच झटक्यात रिंग लँड तुटू शकते, म्हणजे पिस्टनवर दोन रिंगांच्या मधे जी बारीक पट्टी असते ना ती.

माझी तीच तुटली. रिमॅप केला जानेवारीत, चार महिने नुसती मजा, बर्डीच्या सिग्नलवर सुद्धा अंगात आल्यासारखा चालवायचो. मग मे अखेरच्या नवतप्यात, दुपारी दोनच्या सुमारास शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलो, वर्ध्याच्या पुढे एका ट्रकमागे ७५ वर अडकलो, बाजूची लेन मोकळी झाली तसा गिअर न पाडता सहाव्यातच पाय पूर्ण दाबला. टक्. एकच आवाज, बोनेटखाली कोणी पाना आपटावा तसा. गाडी थरथरायला लागली, चेक इंजिनचा लाईट लुकलुक करायला लागला. टो करून ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या मिस्त्रीकडे नेली, त्यानं कॉम्प्रेशन (सिलेंडरमधे किती दाब बनतो ते) बघितलं तर दोन सिलेंडरला १२ बार आणि मधल्याला ५. "काय करून राहिले भाऊ तुम्ही, हिचा तर दमच निघून गेला," एवढंच बोलला आणि चहा मागवला.

जानेवारीत का नाही तुटली आणि मे मधेच का, याचा हिशोब मी नंतर मांडला. टर्बोनं हवा १ बार दाबली की ती तापतेच. बाहेर २५ डिग्री असेल तर टर्बोतून साधारण ११८ ची निघेल, बाहेर ४५ असेल तर १४५ ची (टर्बोची एफिशिअन्सी ७० टक्के धरून). ती थंड करायला इंटरकूलर आहे, पण नाव कूलर असलं तरी आपल्या घरच्या कूलरसारखं त्यात पाणी पडत नाही की खसही नाही, बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो करूच शकत नाही. हवा जेवढी गरम तेवढं मिश्रण लवकर पेटायला बघतं. कंपनी ओरिजनल फाईलमधे जी ढील ठेवते ती अशाच उन्हासाठी आणि कुठल्याही पंपावरच्या पेट्रोलसाठी असते, आणि रिमॅपवाला नेमकी तीच ढील तुला विकतो. फुकटात मिळालेली पॉवर नाहीये ती.

मग करूच नको असं म्हणतोय का, तर नाही. मी असतो तर ट्यूनरला सांगितलं असतं की टॉर्क २०० च्या आसपास थांबव, तोही २५०० च्या पुढे हळूहळू येऊ दे, वरच्या आरपीएमला पॉवर काय वाढवायची ती वाढव. असली गाडी चालवायला थोडी मिळमिळीत वाटते, पाठीत लाथ नाही बसत. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचंच, कारण त्या ग्रेडमधे एलएसपीआयची टेस्ट पास करावी लागते, आणि बदलायचं कंपनी सांगते त्याच्या निम्म्यात. प्लग नवीन. पेट्रोल ९५ ऑक्टेन किंवा वरचं, तेही फाईल त्याच्यावर बनवली असेल तर कायम तेच, मधेच पैसे वाचवायला साधं नाही भरायचं. ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) म्हणशील तर ऑक्टेनला ते चांगलंच आहे, फक्त इथेनॉलमधे ताकद कमी म्हणून इंजेक्टरला जास्त पेट्रोल टाकावं लागतं, तेव्हा फुल थ्रॉटलला रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) पडत नाही ना ते बघून घे. क्लच तिसऱ्या-चौथ्यात घसरला तर लगेच कळेल, आरपीएम पळतो आणि गाडी तिथंच. इन्शुरन्सवाल्यांना कळवणं आलंच.

पण सगळ्यात आधी आत्ता, रिमॅपच्या आधी, कॉम्प्रेशन टेस्ट करून घे, ६० हजार झालेत. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा कमी निघाला तर विषय संपला, रिमॅप विसर. आणि ट्यूनर लॉग (टेस्टच्या वेळी लॅपटॉपवर घेतलेली इंजिनच्या आकड्यांची नोंद) दाखवेल तेव्हा तारीख बघ. डिसेंबर-जानेवारीचा असेल तर त्याला म्हण, मे मधे दुपारी दोन वाजता वर्धा रोडला माझ्यासोबत बस, लॅपटॉप लाव, एसी चालू ठेवून दोन-तीन पुल (पाय पूर्ण दाबून पळवणं) मारू आणि प्रत्येक सिलेंडरचं टायमिंग किती मागे जातंय ते दाखव. माझ्यावाल्यानं या गोष्टीला नाही म्हटलं होतं, "उन्हात कशाला भाऊ" म्हणाला होता, आणि मला ते तेव्हा पटलं होतं.