सीएपीएम देताना बिझनेस अ‍ॅनालिसिस ऑप्शनला टाकावं का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: दोन वर्षं प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहात, सीएपीएम (पीएमआय या संस्थेची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सुरुवातीची परीक्षा) द्यायचीय, सीनियरच्या नोट्सवरून अभ्यास चाललाय, टीममध्ये बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे ग्राहकाला काय हवंय ते शोधून लिहिणारा) वेगळा आहे, मग बिझनेस अ‍ॅनालिसिस ऑप्शनला टाकलं तर चालेल का?

नाही चालणार. आधी मार्कांचा हिशेब बघा. २०२३ मध्ये परीक्षेचा आराखडा बदलला. आता मूलभूत संकल्पनांना ३६ टक्के, बिझनेस अ‍ॅनालिसिसला २७, अ‍ॅजाइलला (टप्प्याटप्प्याने बदलत काम करण्याची पद्धत) २० आणि प्रेडिक्टिव्हला (सगळं आधी ठरवून करण्याची पद्धत) १७. दीडशे प्रश्नांतले १५ गुणांत धरत नाहीत, उरलेल्या १३५ पैकी साधारण ३६ बिझनेस अ‍ॅनालिसिसचे. सीनियरच्या नोट्स २०२३ च्या आधीच्या असतील तर त्यांत हा भागच नसेल, आणि बहुधा तुमचा गैरसमज तिथूनच झालाय.

पण परीक्षा बाजूला ठेवा. मी स्वतः नवखा पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) असताना एका दूध संघाचं अ‍ॅप करत होतो. रिक्वायरमेंट (ग्राहकाची मागणी) एका ओळीची होती: 'उत्पादकाला मोबाइलवर बिल दिसावं.' बीएने लिहिली, संघाच्या आयटीवाल्यांनी सही केली, मी एक्सेलमध्ये तारखा टाकल्या. स्टेटस रिपोर्ट दर आठवड्याला हिरवागार. यूएटीला (वापरणाऱ्यांनी करायच्या शेवटच्या तपासणीला) गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी आले. त्यांनी स्क्रीन पाहिली, खिशातून घडी घातलेलं छापील बिल काढून शेजारी ठेवलं आणि विचारलं, "साहेब, कपाती कुठं आहेत?"

त्या कागदावर दहा दिवसांचं बिल होतं. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन पदार्थ), दर, आणि खाली पशुखाद्याची उधारी नि अ‍ॅडव्हान्सचा हप्ता वजा. आमचं बिल महिन्याचं, नुसती एकूण रक्कम दाखवणारं. उधारीचा हिशेब तर संस्थेच्या वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये. पुढचे सहा आठवडे ते इंटिग्रेशन करण्यात गेले आणि क्लायंटपुढे बोलणी मी खाल्ली, बीएने नव्हे.

कोडमध्ये एकही बग नव्हता, बरं का. सेक्रेटरींना आधी कुणी विचारलंच नव्हतं, म्हणजे स्टेकहोल्डर (ज्याचा या कामाशी संबंध येतो तो माणूस) सुटला. 'बिल दिसावं' म्हणजे नेमकं काय दिसलं की काम झालं, हे ठरलं नव्हतं, म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया नव्हते. हे दोन्ही सीएपीएमच्या अभ्यासक्रमात आहे. बीए लिहितो हे खरं, पण त्याने लिहिलेलं अर्धवट आहे हे ओळखायची नजर तुमच्याकडे नसेल तर तुमचं शेड्यूल हवेतच.

अभ्यासाचं म्हणाल तर यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत मागणी), बॅकलॉग (बाकी कामांची यादी), रोडमॅप (पुढची दिशा) या गोष्टी रोज कानावर पडतात, त्या पटकन होतील. वेळ ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्सला द्या, म्हणजे प्रत्येक रिक्वायरमेंट कुठून आली आणि कशी तपासली जाणार याच्या तक्त्याला. व्याख्या पाठ करण्यापेक्षा चालू प्रोजेक्टच्या दहा रिक्वायरमेंट घ्या आणि एक्सेलमध्ये चार कॉलम करा: कुणी मागितली, कशासाठी, कुठल्या टेस्ट केसने तपासणार, कोण मान्य करणार. दुसऱ्या कॉलमपाशी अडखळाल, सगळेच अडखळतात. तिथे बीएकडे जाऊन बसा. एरवी आपण त्याच्याकडे फक्त 'डॉक्युमेंट कधी देतोस' विचारायला जातो.

बीए आणि पीएम यांच्या कामाची सीमारेषा नीट समजून घ्या. प्रॉडक्टने काय करायचं, हे शोधून काढणं बीएकडे. ते कधी, किती पैशांत आणि कोणाकडून होणार, हे पीएमकडे. परिस्थिती देऊन 'हे कोणाचं काम' असं विचारलं की अनुभवी लोकही चुकतात, कारण आपल्याकडे छोट्या कंपन्यांत एकच माणूस दोन्ही टोप्या घालतो.

ईसीबीए करू का, असंही विचारलंयत. ती बिझनेस अ‍ॅनालिस्टांच्या आयआयबीए या संस्थेची सुरुवातीची परीक्षा, अनुभवाची अट नाही, पण बीएच व्हायचं असेल तरच. पीएमच राहायचं असेल तर सीएपीएमपुरतं पुरे, पुढे पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवण्याचा छत्तीस महिन्यांचा अनुभव झाला की पीएमपीकडे (पीएमआयचीच पुढची परीक्षा) वळा. ऑफिस फी भरणार असेल तर मात्र मी सांगितलेलं विसरा आणि दोन्ही देऊन टाका.

सीएपीएमच्या अर्जाआधीचे २३ तासांचे ट्रेनिंग घेताना क्लासवाल्यांना एवढंच विचारा: बिझनेस अ‍ॅनालिसिसला किती तास देता? 'ते शेवटी उरकून घेऊ' म्हणाले तर दुसरा क्लास बघा.